बावीस ओल्या चादरी

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचा सूर गेला. आवाज नव्हे. आवाज होता तिथेच होता, साठाव्या वर्षीही खरवडलेल्या पातेल्यासारखा, आणि त्या खरवडीवरच तर त्याचं नाव झालं होतं. गेला तो सूर. म्हणजे डोक्यात, डाव्या कानाच्या बोटभर वर, जो एक जाडसर घुमारा चव्वेचाळीस वर्षं भाडं न देता राहत होता, तो कुणाला न सांगता जागा सोडून गेला. गिटार मांडीवर घ्यायची, डोळे मिटायचे, त्या घुमाऱ्याकडे कान द्यायचा आणि सगळ्यांत जाड तार त्याला मिळवून घ्यायची. बाकीच्या पाच तिच्यामागून मुकाट येत. यात साधना वगैरे काही नव्हती. लोक सकाळी उठून चष्म्यासाठी हात लांब करतात, तितकंच. त्या सोमवारी त्यानं हात लांब केला आणि टेबलच नव्हतं. तो तसाच डोळे मिटून बसला. वातानुकूलन यंत्राची सळसळ ऐकू आली, स्वतःच्या पोटातला चहा ऐकू आला, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारी मुलगी बिस्किटाचा पुडा फोडत होती तेही काचेतून ऐकू आल्यासारखं वाटलं. बाकी शुकशुकाट. रिकाम्या घरात पाहुणा दाराशी उभा राहून खाकरतो तसा तो मनातल्या मनात खाकरला. कोणी आलं नाही.

"काका, झालं का?" मुलीनं विचारलं. "थांब जरा." "थांबते. पण अर्धा तास झाला." अर्धा तास झाला हे त्याला नवीन होतं. मुलगी हुशार होती, आणि हुशार लोकांची पंचाईत अशी की त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. "मी तुमची जुनी सगळी गाणी मोजून ठेवलीत, काका. तुम्ही जगाच्या पट्टीपेक्षा अर्ध्या सुराहून थोडंसं जास्तच खाली असता. नेहमी तेवढेच. कमाल आहे! आकडा सांगते, त्यावर मिळवा." त्यानं आकड्यावर मिळवली. गिटार अगदी बरोबर वाजू लागली. मग त्यानं गायला तोंड उघडलं आणि भलत्याच जागी शिरला. पुन्हा उघडलं, पुन्हा भलत्याच. तिसऱ्यांदा तर आपण कोणा परक्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून त्याच्याच डब्यात हात घालतोय असं वाटून तो मधेच थांबला. घर तेच, खिडक्या त्याच, पण डबे सगळे इकडचे तिकडे. "आज नको," तो म्हणाला. मुलीनं होकारार्थी मान हलवली आणि बिस्किटाचा पुडा काचेला लावून दाखवला. एकंदरीत तिचं मन चांगलं होतं.

तो घुमारा मुळात कोणाचा, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज म्हणून नव्हे. कोणी धड विचारलंच नव्हतं. मुलाखतकार विचारत, 'तुमच्या सुरातली ही खिन्नता कुठून आली?' आणि प्रश्नातच इतकी खिन्नता असे की उत्तरात लाँड्री काढणं बरं दिसलं नसतं. एका जाडजूड नियतकालिकात तर एका समीक्षकानं त्याच्या त्या उतरत्या पट्टीवर अकरा पानं लिहिली होती आणि तिचं मूळ त्याच्या दुःखी बालपणात शोधून काढलं होतं. त्याचं बालपण चांगलं सुखात गेलं होतं. आई शिवणकाम करी, बाबा पोस्टात होते, दोघंही हसतमुख. कलावंताच्या आयुष्यातली ही उणीव त्यानं पुष्कळ वर्षं झाकून ठेवली होती.

खरं होतं ते असं. गावात, बाजारामागच्या गल्लीत, धोपटच्या बाबांची लाँड्री होती. धोपट म्हणजे त्याचा पहिला ड्रमर आणि अखेरपर्यंतचा एकमेव मित्र. हातात काही आलं की धोपटायचा म्हणून धोपट. गाणारा तो स्वतः तेव्हा इतका काटकुळा होता आणि डोक्यावर केसांचा एवढा मोठा गोळा की गावानं त्याचं नाव टाचणी ठेवलं. पुढे टाचणीचं पोट सुटलं, केस गेले, पण गावात नाव बदलायला अर्ज करायची सोय नसते. तिसरा एक बेसवाला होता, तो सहा महिन्यांत अभ्यासाला लागला आणि त्याचं भलं झालं. बँडचं नाव 'गरम इस्त्री'. सराव लाँड्रीच्या मागच्या खोलीत, कारण गावात दुसरीकडे कुठेही त्यांनी दहा मिनिटं वाजवलं की कोणाच्या तरी घरी कोणीतरी आजारी निघे. लाँड्रीत ती अडचण नव्हती. तिथे आधीच इतका आवाज असे की हे तिघं त्यात मावून जात. खोलीभर वाफ. ओल्या सुताचा, साबणाचा आणि तापलेल्या लोखंडाचा तो वास, जो पुढे जगात कुठल्याही हॉटेलात शिरताना त्याला येई आणि उगाचच घरी आल्यासारखं वाटे. भिंतीला लागून कपडे सुकवायचं मशीन होतं, माणूस उभा राहील एवढ्या पोटाचं, पट्ट्यावर चालणारं. ते फिरायला लागलं की फरशीतून, पायांतून, गुडघ्यांतून वर चढत एक घुमारा येई. सूर लावायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. असतं असं माहीतही नव्हतं. पहिल्याच दिवशी तो जाड तार पिळत बसला होता, कशाला मिळवायची ते कळेना, आणि धोपट म्हणाला, "त्याला मिळव की. नाहीतरी ते थांबणार नाहीये." त्यानं मशीनला तार मिळवली. म्हणजे जगात कोणी लाकडी पेटीला मिळवतात, कोणी लोखंडी चिमट्याला. या पोरांनी चादरींना मिळवली, आणि जगभर सगळे असंच करतात असं पुढची दोन वर्षं धरून चालले.

मशीन चालवायची ती ताई. धोपटची थोरली बहीण. वयानं पाचच वर्षांनी मोठी, पण घरात तीच कर्ती, म्हणून गल्लीनं तिला ताई करून टाकलं होतं, तिच्याहून म्हाताऱ्यांनीसुद्धा. बाबा पुढे गिऱ्हाइकांशी बोलत, मागे ताई. बाह्या कोपरापर्यंत वर, केस फडक्यात बांधलेले, तोंडात दोन-चार टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून बोलणं. ती कधी त्यांच्या गाण्याबद्दल काही म्हणाली नाही. एकदाच, ते तिघं एका गाण्याचा शेवट कसा करावा यावर हातघाईवर आले होते, तेव्हा जाता जाता म्हणाली, "संपवताय कशाला? नुसतं थांबा." ते थांबले. तो शेवट अजूनही तसाच आहे. तिला बँडमध्ये घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, उलट एका मंगळवारी, सराव अगदी रंगात असताना, सोळा वर्षांच्या माणसाला जो तोरा येतो त्या तोऱ्यात तो मान न वळवता म्हणाला होता, "ताई, ते जरा बंद कर ना. गाणं चाललंय." ताईनं शांतपणे खटका खाली ओढला. घुमारा उतरत उतरत फरशीत गेला, आणि त्याच्याबरोबर गाणं, नाडी तुटल्यासारखं, सगळ्यांसमोर खाली. तिघंही तीन दिशांना गेले. धोपट ड्रमवर डोकं ठेवून हसत होता. ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या, "चालू करू?" एवढंच विचारलं, आणि चालू केलं. याची त्याला कितीतरी वर्षं, अगदी भरल्या सभागृहात टाळ्या चालू असताना, मधूनच आठवण होई आणि कानशिलं गरम होत.

पुढे 'गरम इस्त्री' मोडली आणि 'सहावा मजला' निघाला. गावात तिसरा मजलासुद्धा कोणी पाहिला नव्हता, पण नाव ठेवायला इमारत लागत नाही. मग शहर, मग तिसरा बँड, ज्याच्या तसबिरी लोक भिंतीवर लावू लागले. धोपट आला नाही. "बाबांना कोण बघणार?" म्हणाला, खरं कारण हे की त्याला शहरात झोप लागत नसे. मशीनही आलं नाही. पण पहिल्याच ध्वनिमुद्रणाच्या दिवशी, घाबरून डोळे मिटले, तर घुमारा आत हजर. अडीच तासांचा रस्ता तो गुपचूप मागच्या सीटवर बसून आला होता. तिथल्या कीबोर्डवाल्यानं 'ही कुठली पट्टी?' म्हणून कपाळाला हात लावला. त्याच्यानंतर असे एकूण चार कीबोर्डवाले कपाळाला हात लावून गेले.

आता तो घुमारा गेला म्हणून मंगळवारी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. कपाटाएवढ्या खोलीत बसवून डॉक्टरांनी त्याला बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा बटण दाबत राहिला. "वयाच्या मानानं उत्तम कान," डॉक्टर म्हणाले, "आणि धंद्याच्या मानानं तर चमत्कारच." मग त्यानं घुमाऱ्याचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं बघा, कानात आवाज येतो, तो घालवून द्या, म्हणून माझ्याकडे रोज दहा लोक येतात. गेलेला परत आणून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच." घरी बायकोनं त्याला कपाटं उघडून मिटताना पाहिलं. ती सदतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाली होती आणि हरवलेल्या वस्तूंकडे ती नकाशा धरून बघे. "काय शोधतोयस?" "सूर." "शेवटचा कुठे ठेवला होतास?" तो हसला, पण हसता हसता खाटेच्या कडेवर बसला. शेवटचा कुठे ठेवला होता, हा प्रश्न बरोबर होता. गेल्या महिन्यात होता का? उन्हाळ्यात होता? की किती तरी दिवस तो नुसती त्याची आठवणच वाजवत होता, आणि सोमवारी तिलाही झिजून भोक पडलं?

मग भाच्याचा फोन. भाचा चाळिशीचा, कामात चोख, आणि मामाचे सगळे कार्यक्रम तोच बघे. येत्या महिन्यात, एका शनिवारी, चाळीस वर्षांच्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता. "मामा, काय ते नक्की कर. उद्या चारपर्यंत सांग. नाही म्हणालास तरी चालेल. 'आवाजाला विश्रांती' असं निवेदन मी लिहून ठेवलंय." "लिहूनसुद्धा ठेवलंस?" "तयारी असलेली बरी." "वाच बघू." भाच्यानं वाचलं. निवेदन फारच चांगलं होतं. त्यात तो इतका थोर माणूस निघाला की मागे वळून बघावं, कोणाबद्दल चाललंय. फक्त सगळी वाक्यं भूतकाळात होती. चारपर्यंत. तो 'बरं' म्हणाला आणि फोन खाली ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकदा हे निवेदन गेलं की पुन्हा कधीच स्टेजवर जायचं नाही. विश्रांती घेतलेला आवाज उठून बसल्याचं त्यानं तरी पाहिलं नव्हतं. आणि बिनसुराचं जायचं, तर आकड्यावर तार लावून, परक्या स्वयंपाकघरात दोन तास, दोन हजार लोकांदेखत डबे उघडत राहायचं.

बुधवारी सकाळी शर्टांचं पार्सल जायचं होतं. ही त्याची जुनी खोड. स्टेजवरचे शर्ट तो गेली चाळीस वर्षं गावच्या लाँड्रीत पाठवी. शहरात गल्लीगल्लीत लाँड्र्या असताना. बँडमधले म्हणत, शकुन पाळतो. शकुन नव्हता, शर्टाच्या कॉलरला आतून लाल दोऱ्यानं घातलेला एक्केचाळीस हा आकडा होता. तो गावातल्या त्याच्या घराचा खूण-नंबर. आईचे, बाबांचे कपडेही एक्केचाळीसच. आईबाबा गेले, घर विकलं, पण लाँड्रीच्या वहीत तो अजून गावात राहत होता. दरमहा शर्ट परत येत, कडक, घडीवर घडी, आणि वरच्या शर्टाच्या खिशात ताईची चिठ्ठी. चिठ्ठ्या अशा: 'दुसरं बटण लावलं आहे. जाड होतोयस.' किंवा, 'कॉफीचा डाग गेला नाही. पुढच्या वेळी काळ्या शर्टावर सांड.' धोपट गेला त्या महिन्यात चिठ्ठीवर नुसतं होतं, 'शर्ट उशिरा धुतले.' त्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. तेव्हा हा धावत गावी गेला होता, पण लाँड्री त्या दिवशी बंद होती. त्यानंतर गेला नव्हता. शर्ट जात होते ना? शर्ट आपल्या वतीनं जाऊन येतात असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यानं पार्सल केलं नाही. शर्टांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, गिटार मागे, आणि स्वतः गाडी काढली. पिशवीला पट्टा लावला नाही म्हणून गाडी वाटभर किणकिणत राहिली. शेवटी त्यानं शर्टांना सीटचा पट्टा बांधला. मशीनसमोर उभं राहायचं, फरशीवर पाय घट्ट रोवायचे, एवढंच. पाच मिनिटांचं काम.

लाँड्रीचं दार तेच, फक्त आता काचेचं. दारावर घंटा होती ती तशीच फुटकी. आत पाऊल टाकलं आणि तो वास आला, ओल्या सुताचा, साबणाचा, लोखंडाचा. पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळले. ताई लांब टेबलाशी उभी होती. फडक्यातले केस पांढरे झाले होते; बाकी कोपरापर्यंत बाह्या, तोंडात टाचण्या. तिनं त्याच्याकडे पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

"टाचणी," ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, "किती रे फुगलास."

"तूच तर बटणं सैल लावतेस."

"मग काय करू? तुटतात ती लावते." तिनं पिशवी घेतली, शर्ट झटकून बघितले. "स्वतः आलास. कोण गेलं?"

"कोणी नाही गं. असाच."

"असाच," ती म्हणाली, 'बरं, पुढे' अशा आवाजात. पण त्याचं लक्ष नव्हतं. तो भिंतीकडे बघत होता. तिथे एक पांढरं, चौकोनी, गुळगुळीत मशीन उभं होतं, त्याच्या गोल काचेत कपडे फिरत होते, आणि आवाज येत नव्हता. म्हणजे येत होता. कोणी दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटावं तितका.

"ते कुठे गेलं?"

"ते होय? त्याला नऊ वर्षं झाली. पट्टाच मिळेना. भंगारवाला घेऊन गेला. चार माणसं लागली, दाराची चौकट काढावी लागली." तिनं नव्या मशीनकडे पाहिलं. "हे कामाला चांगलं आहे. बोलत नाही फक्त. सोबत नाही त्याची."

तो भिंतीशी गेला. फरशीवर जुन्या मशीनच्या चार पायांचे चार गंजके गोल अजून होते. त्या गोलांच्या मधोमध तो उभा राहिला, पाय रोवून, साठ वर्षांचा माणूस, आणि वाट पाहिली. पायांत गार फरशी आली, बस्. नऊ वर्षं. म्हणजे गेली नऊ वर्षं तो ज्याला डोळे मिटून हाक मारत होता, ते कुठेच नव्हतं. वितळवून त्याचे गज झाले असतील, कोणाच्या तरी गच्चीत असतील. आणि तरी ते ओ देत होतं. त्याला एकदम त्या मशीनचेच आभार मानावेसे वाटले आणि मानायला समोर पांढरं खोकं होतं. घड्याळात अडीच वाजले होते.

"तिथे उभा राहून काय होणार आहे? हात मोकळे आहेत तर इकडे ये," ताई म्हणाली. "वसतिगृहाच्या चादरी आहेत. मोठ्या चादरीला समोर माणूस लागतं. धोपट होता तोवर तो धरायचा. आता मी टेबलाला चिमटे लावून घालते घड्या, पण कोपरे बसत नाहीत."

तो समोर उभा राहिला. दोन टोकं त्याच्याकडे, दोन तिच्याकडे. ताणायची, झटकायची, लांबीत दुमडायची, मग चालत एकमेकांकडे यायचं, टोकं तिच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. पहिल्या दोन त्यानं उलट्या दुमडल्या. तिसरीपासून हातांना आठवलं. आणि मग, हात गुंतलेले असले की तोंड सुटतं त्याप्रमाणे, त्यानं सगळं सांगून टाकलं. घुमारा, सोमवार, आकडा, डॉक्टर, चार वाजता. ताई टोकं घेत राहिली.

"पण त्याचा एक सूर नव्हताच रे कधी," ती म्हणाली.

"कशाचा?"

"मशीनचा. हॉटेलचे टॉवेल भरले की जड चालायचं, खाली जायचं. शर्ट भरले की वर, किंचाळल्यासारखं. आणि ओलं जसजसं सुकेल तसं हलकं होऊन चढत जायचं. तुम्ही पहिल्या आठवड्यात सुरुवात एका पट्टीत करायचात आणि तिसऱ्या गाण्याला तुम्ही एकीकडे आणि मशीन दुसरीकडे. धोपटला काही कळायचं नाही. तुला कळायचं, तू चिडायचास. तारा पिळत बसायचास. मला ते ऐकवेना."

"मग?"

"मग मी मंगळवार ठरवला. इस्पितळाच्या चादरी सोमवारी यायच्या, त्या ठेवून द्यायची तुमच्यासाठी. सगळ्या एका मापाच्या असायच्या ना. बावीस भरल्या की नेमकं ते येतं, तू पहिल्या दिवशी धरलं होतंस ते. सुकत आल्या, चढायला लागलं, की दोन काढून दोन ओल्या टाकायची. तुमचं संपेपर्यंत." तिनं टोकं घेतली. "बाबा ओरडायचे. म्हणायचे, इस्पितळाच्या चादरी मंगळवारीच अशा कशा सुकत नाहीत? मी म्हणायचे, हवा दमट आहे. पाच वर्षं दर मंगळवारी हवा दमट होती."

तो हातात दोन टोकं घेऊन उभा राहिला. चादर मधे लोंबू लागली. पाच वर्षं. 'गरम इस्त्री', मग 'सहावा मजला'. दर मंगळवारी, त्याच्या पाठीमागे, वाफेत, कोणीतरी एका कानानं त्याच्याकडे लक्ष ठेवून दोन चादरी काढत होतं आणि दोन टाकत होतं. आणि त्यानं तिला काय म्हटलं होतं? ते जरा बंद कर ना. अकरा पानांचा तो लेख त्याला आठवला. जगाला जी खिन्नता वाटली ती बावीस ओल्या चादरींची होती, आणि त्या चादरी कोणीतरी मोजत होतं.

"सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगायचं त्यात? चांगलं वाजवत होतात. ताण की जरा, जमिनीला लागतेय."

त्यानं ताणली. झटकली, दुमडली, चालत गेला, टोकं दिली, वाकला, मागे आला. खिडकीतून दुपार टेबलावर तिरपी पडली होती, सुताचा भुगा उन्हात हळूहळू फिरत होता. नवं मशीन पान उलटत होतं. सातवी, आठवी. आणि दहाव्या की अकराव्या चादरीला, तो टोकं देऊन मागे सरकत असताना, ते आलं. फरशीतून नव्हे. समोरून. ताई ओठ मिटून, टाचण्या सांभाळत, नाकातून एकच सूर धरून होती. गाणं नाही, चाल नाही, नुसता एक जाडसर, सपाट घुमारा, श्वास संपला की थांबणारा आणि पुन्हा तिथेच लागणारा. तिचं लक्षही नसावं. त्याच्या पोटऱ्यांना आधी कळलं. मग गुडघ्यांना, मग पाठीला, आणि शेवटी डाव्या कानाच्या बोटभर वर, रिकाम्या जागेत, कोणीतरी येऊन बसलं आणि जागा गरम झाली. तो बोलला असता तर ती थांबली असती. खोलीत पक्षी शिरल्यावर माणूस जसा हळू हलतो तसा तो हलत राहिला. टोकं देत, वाकत, मागे येत. चादरी संपू नयेत असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. बारावी, सोळावी, विसावी.

शेवटची घडी टेबलावर ठेवून ताईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "लागला?"

"तू मुद्दाम करत होतीस?"

"छे रे. ते मशीन गेल्यापासून करते मी. गप्प खोलीत काम होत नाही." मग वरची घडी सारखी करत, "शेवटच्या दहा मुद्दाम. तुझा चेहरा बघून."

त्यानं गाडीतून गिटार आणली. घड्या घातलेल्या चादरींवर टेकवून जाड तार पिळू लागला. डोळे मिटले नाहीत, गरज नव्हती. "खाली," ताई म्हणाली. "अजून. अजून किंचित. हां." मग त्यानं तोंड उघडलं आणि 'सहावा मजला'च्या वेळचं, धोपटचं आवडतं गाणं जिथे शिरायला हवं तिथेच शिरलं, सगळे डबे आपापल्या जागी. ताईनं शर्टांच्या कॉलरी बघायला घेतल्या होत्या. गाणं शेवटाला आलं आणि तो नुसता थांबला.

चारला दहा कमी असताना त्यानं विचारलं, "ताई, तू माझ्या कार्यक्रमाला कधी आलीच नाहीस. येतेस पुढच्या महिन्यातल्या शनिवारच्या?"

"शनिवारी हॉटेलचे टॉवेल असतात."

"दरवेळी?"

"चाळीस वर्षं शनिवारीच तर ठेवतोस तू."

हे खरं होतं आणि त्याच्या कधीच लक्षात आलं नव्हतं. "आणि मंगळवारी?"

"मंगळवारी काही नाही आता," ताई म्हणाली. "इस्पितळानं स्वतःचं धुणं काढलं. मंगळवार रिकामाच असतो."

त्यानं भाच्याला फोन लावला. करतोय, म्हणाला. भाच्यानं मोठा श्वास सोडला तो इथपर्यंत ऐकू आला. "फक्त शनिवारी नाही. मंगळवारी." पलीकडे जे झालं ते ताईलाही टेबलापलीकडून ऐकू आलं. "मामा, तिकिटावर शनिवार छापलाय!" "मग मंगळवार छाप." "मंगळवारी कोण येतं गाणं ऐकायला?" "एक जण येणारे," तो म्हणाला.

आले मात्र पुष्कळ. मंगळवारच का, याबद्दल वर्तमानपत्रांत तर्क झाले. अकरा पानं लिहिणाऱ्या त्या समीक्षकानं आठवड्याच्या मधल्या दिवसांतल्या एकटेपणाविषयी नऊ पानं लिहिली. ताई तिसऱ्या रांगेत, मोकळ्या केसांनी, मांडीवर पर्स धरून, लाँड्रीच्या पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाची वाट पाहावी तशी बसली होती. पहिली दोन गाणी झाली. दिव्यांनी स्टेज तापलं होतं, टाळ्या चालू होत्या, आणि भाचा विंगेतून येऊन त्याच्या हातात एक घडी घातलेला कागद देऊन गेला. अक्षर ओळखीचं होतं.

'चढतोयस. दोन ओल्या टाक.'

त्यानं चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, एक्केचाळीस नंबरच्या. मग दोन हजार लोकांना थांबवून, मान खाली घालून, जाड तार किंचित सैल केली. आणि वर पाहिलं, तिसऱ्या रांगेकडे. तिनं मान हलवली. अजून किंचित. हां.